कॉन्टॅक्टची चार कामं

पीएलसीचा, म्हणजे प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलरचा, इतिहास सांगताना एक वाक्य हमखास येतं: १९६९ साली अमेरिकेत पीएलसी आला आणि रिलेचे दिवस भरले. वाक्य सुटसुटीत आहे, पाठ्यपुस्तकात शोभतंही. पण आज कुठल्याही कारखान्यातलं नवंकोरं कंट्रोल पॅनेल उघडून पाहिलं तर पीएलसीच्या शेजारी रिलेंची रांग आणि तिच्याखाली कॉन्टॅक्टर, म्हणजे मोठ्या प्रवाहासाठीचे रिले, दिसतातच. पीएलसीचं आउटपुट मॉड्यूल विकत घ्यायला गेलं तर रिले हवा, ट्रायॅक हवा की ट्रान्झिस्टर, हा प्रश्न दुकानदार आजही विचारतो. जे संपलं म्हणून सांगितलं जातं ते पन्नासहून अधिक वर्षांनी किंमत-यादीत कसं टिकून आहे, याचं उत्तर त्या सुटसुटीत वाक्यात नाही. माझं म्हणणं असं की सॉलिड-स्टेट, म्हणजे हलता भाग नसलेल्या अर्धवाहकाच्या, आउटपुटने रिलेला हटवलं नाही. रिलेचा कॉन्टॅक्ट एकाच वेळी जी चार वेगवेगळी कामं गुपचूप करत होता, ती त्याने सुटी केली. त्यातली काही अर्धवाहकाने उत्तम पेलली, काही पेलायला त्याला कित्येक दशकं लागली आणि एक अजूनही पूर्णपणे त्याच्या हाती दिलेलं नाही. यंत्रनियंत्रणाचा गेल्या सहा दशकांचा इतिहास या वाटणीच्या अंगाने वाचला तरच नीट उलगडतो.

ही चार कामं कोणती ते आधी पाहू. प्रिन्स्टनमध्ये जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास एक प्रयोग दाखवला होता. लांबून आलेल्या क्षीण प्रवाहाने एक छोटं विद्युतचुंबक चालू व्हायचं, ते दुसऱ्या मोठ्या चुंबकाचं मंडल तोडायचं आणि त्या मोठ्या चुंबकाने धरून ठेवलेलं जड वजन धाडकन खाली पडायचं. रिलेचं पहिलं काम इथे स्पष्ट दिसतं: दुबळ्या संकेताने दांडगा प्रवाह जोडणं-तोडणं. दुसरं कामही त्याच मांडणीत होतं, फक्त तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. कॉइलचं, म्हणजे छोट्या चुंबकाच्या वेटोळ्याचं मंडल आणि कॉन्टॅक्टचं मंडल यांच्यात विजेचा कसलाच सांधा नव्हता, मध्ये फक्त चुंबकत्व होतं. म्हणून एका बाजूचा दाब दुसऱ्या बाजूला शिरू शकत नव्हता. तिसरं काम पुढच्या शतकात शास्त्राला उमगलं. क्लॉड शॅनन यांनी १९३७ मध्ये एमआयटीला सादर केलेल्या प्रबंधात दाखवून दिलं की एकापुढे एक जोडलेले कॉन्टॅक्ट ‘आणि’चं काम करतात, समांतर जोडलेले ‘किंवा’चं, त्यामुळे रिलेंच्या जाळ्यात बूलचं सगळं बीजगणित मावतं. टेलिफोन एक्स्चेंजमधले तंत्रज्ञ हे अनुभवाने जाणतच होते, शॅननने त्याला गणिताची भाषा दिली. आणि चौथं काम सर्वांत साधं, म्हणून सर्वांत दुर्लक्षित: कॉन्टॅक्ट उघडला की मध्ये हवेची खरीखुरी फट राहते. बंद म्हणजे पूर्ण बंद. पॅनेलचं झाकण उघडून ती फट डोळ्यांनी पाहता येते.

दांडगा प्रवाह हाताळणं, दोन मंडलं वेगळी राखणं, तर्क चालवणं आणि तुटल्याची हमी देणं ही चारही कामं चांदीच्या मिश्रधातूच्या दोन ठिपक्यांवर सोपवलेली होती. त्याची किंमत त्या ठिपक्यांना मोजावी लागे. कॉन्टॅक्ट सुटतो त्या क्षणी शेवटच्या सूक्ष्म बिंदूतून सगळा प्रवाह जातो, तिथला धातू वितळतो, ठिणगी ताणली जाते आणि प्रवाह शून्यावर आला की विझते. प्रत्येक वेळी थोडा धातू उडतो किंवा समोरच्या ठिपक्यावर जाऊन बसतो. जुना कॉन्टॅक्ट पाहिला तर एका बाजूला खळगा, दुसऱ्या बाजूला उंचवटा आणि भोवती काळी काजळी दिसते. ठिपके वितळून एकमेकांना चिकटू नयेत म्हणून चांदीत आधी कॅडमियम ऑक्साइड मिसळत, पुढे कॅडमियमच्या विषारीपणामुळे टिन ऑक्साइड आलं. छोट्या पॉवर रिलेची यांत्रिक आयुर्मर्यादा एक कोटी हालचालींपर्यंत असते, पण पूर्ण भारावर ती लाखभरावर उतरते. हा फरक त्या ठिणगीचा आहे.

तर्काचं काम कॉन्टॅक्टकडून काढून घ्यावं, ही ओढ पीएलसीच्या बरीच आधीची आहे. १९५० च्या दशकात वेस्टिंगहाउस आणि जनरल इलेक्ट्रिक यांनी हलता भाग नसलेली ‘स्टॅटिक कंट्रोल’ बाजारात आणली. जर्मनीत सीमेन्सने १९५८ साली ‘सिमॅटिक’ हे नाव नोंदवलं आणि जर्मेनियम ट्रान्झिस्टरचे तर्कठोकळे विकायला सुरुवात केली. ते कॉन्टॅक्टपेक्षा वेगवान होते, झिजत नव्हते. तरी अमेरिकेतल्या मोटार कारखान्यांनी रिले सोडले नाहीत. रिलेचा नकाशा, म्हणजे दोन उभ्या रेषांमध्ये शिडीच्या पायऱ्यांसारखी मांडलेली मंडलं, कारखान्याचा प्रत्येक इलेक्ट्रिशियन वाचू शकत होता. तर्कगेटांचा नकाशा त्याच्यासाठी परका होता. मध्यरात्री लाइन थांबली की दुरुस्ती करणारा तोच असायचा. नव्या तंत्राने जुन्या माणसाचं वाचन हिरावून घेतलं तर ते रुजत नाही, हे स्टॅटिक कंट्रोलच्या मर्यादित यशातून दिसलं.

म्हणून जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये जी मागणी लिहून काढली ती बारकाईने वाचण्यासारखी आहे. दर वर्षी गाडीचं मॉडेल बदललं की हजारो तारा सोडून पुन्हा जोडायच्या, नाहीतर सबंध पॅनेल भंगारात काढायचं, हा खर्च त्यांना नकोसा झाला होता. त्यांना तर्क बदलता येईल असं यंत्र हवं होतं, वातानुकूलन नसलेल्या शॉपफ्लोअरवर टिकणारं, आणि इलेक्ट्रिशियनला वाचता येणारं. पण त्याच यादीत एक अट होती जिच्याकडे इतिहासकार सहसा पाहत नाहीत: आउटपुट ११५ व्होल्ट एसीचं हवं, किमान दोन अँपिअर पेलणारं, म्हणजे सॉलिनॉइड व्हॉल्व्ह आणि मोटर स्टार्टर थेट चालवता आले पाहिजेत. संगणकाच्या आतला संकेत पाच व्होल्टांचा आणि काही मिलिअँपिअरचा. त्यातून सॉलिनॉइड ओढायचा तर मधला दुवा हवाच. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने पीडीपी-१४ पुढे केला. त्याचा कार्यक्रम तारांनी विणलेल्या स्मृतीत असल्यामुळे बदलायचा तर नवी स्मृती मॅसॅच्युसेट्समध्ये विणून आणावी लागे. बेडफर्ड असोसिएट्समध्ये डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांधलेला मॉडिकॉन ०८४, म्हणजे कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, नोव्हेंबर १९६९ मध्ये हायड्रामॅटिकला पोचला. त्यात ना पंखा होता ना चालू-बंदचं बटण, आणि त्याची भाषा शिडीच्या नकाशाची होती. तर्क कॉन्टॅक्टच्या हातून गेला, पण कॉन्टॅक्टचं चित्र तसंच राहिलं. मॉर्लींच्या यंत्राचं यश मला तर्काच्या वेगापेक्षा या निर्णयात अधिक दिसतं.

मधल्या दुव्यासाठी लागणारा घटक तोवर तयार होता. जनरल इलेक्ट्रिकने १९५७ मध्ये सिलिकॉन कंट्रोल्ड रेक्टिफायर, म्हणजे थायरिस्टर, घडवला होता आणि १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात त्याचाच दोन्ही दिशांनी वाहणारा भाऊ ट्रायॅक आला. एसी भार जोडायला-तोडायला ट्रायॅक फार सोयीचा: गेटवर छोटा प्रवाह दिला की तो वाहू लागतो, आणि वाहता प्रवाह शून्याजवळ आला की आपोआप थांबतो. भारतातल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्य ओलांडतो, म्हणजे गेट काढल्यावर बंद व्हायला फार तर दहा मिलिसेकंद. शून्यावरच तोडायचं असल्यामुळे ठिणगी नाही, काजळी नाही, खळगा नाही. पण कॉइल आणि कॉन्टॅक्टमधला तो चुंबकीय दुरावा ट्रायॅकमध्ये नव्हता. गेट आणि भार एकाच सिलिकॉनच्या चकतीवर. वेगळं राखण्याचं काम बाहेरून आणावं लागलं. सुरुवातीच्या कित्येक सॉलिड-स्टेट रिलेंमध्ये त्यासाठी एक चिमुकला रीड रिले किंवा ट्रान्सफॉर्मर बसवत, म्हणजे कॉन्टॅक्टला हटवणाऱ्या डब्यात पुन्हा एक कॉन्टॅक्ट! ऑप्टोकपलर आले तेव्हा हा पेच सुटला. एका बाजूला एलईडी, समोर प्रकाशसंवेदी सिलिकॉन, मध्ये पारदर्शक इन्सुलेशन. काही हजार व्होल्ट अडवण्याची हमी आता प्रकाशाच्या त्या उडीतून मिळू लागली. चुंबकत्वाने फुकट दिलेली गोष्ट सिलिकॉनला वेगळा भाग विकत घेऊन मिळवावी लागली, आणि वाटणी म्हणजे काय ते इथे सर्वांत स्वच्छ दिसतं.

या वाटणीचा फायदा कुठे खरा दिसला ते एका हिशेबाने कळेल. प्लास्टिक एक्स्ट्रूडरच्या बॅरलवर हीटरचे पट्टे असतात आणि तापमान नेमकं राखण्यासाठी कंट्रोलर त्यांना सतत चालू-बंद करत राहतो. दर दहा सेकंदांना एकदा धरलं तरी दिवसाला ८,६४० वेळा. पूर्ण भारावर लाखभर आयुष्य असलेला रिले बारा दिवसांतच त्या मर्यादेला टेकतो. कॉन्टॅक्टर मोठा घेतला तर काही महिने. सॉलिड-स्टेट रिलेला, म्हणजे एसएसआरला, असा आकडाच नाही. तो एका सेकंदाच्या चक्रावरही वर्षानुवर्षं चालतो, आणि चक्र जितकं छोटं तितकं तापमान स्थिर. हीटरच्या कामात एसएसआरने कॉन्टॅक्टरला खरोखर बाजूला सारलं, ते या हिशेबामुळे. पण त्याची किंमतही त्याच पॅनेलमध्ये दिसते. वाहताना ट्रायॅक किंवा थायरिस्टरवर एक-दीड व्होल्ट खर्च होतात. पंचवीस अँपिअरला सव्वा व्होल्ट धरला तर तीस वॅटहून जास्त उष्णता, जी कॉन्टॅक्टच्या दोन-तीन मिलिओहम रोधात दोन वॅटही होत नाही. म्हणून एसएसआरला ॲल्युमिनियमचं कल्लेदार हीट सिंक लागतं, पॅनेलला पंखा लागतो, आणि हीट सिंकवर पेस्ट नीट लावली नाही तर तोच एसएसआर पहिल्याच उन्हाळ्यात जाऊ शकतो. शॉर्टसर्किट झालं तर साधा फ्यूज उडायच्या आत सिलिकॉन जळतो. त्याला खास जलद फ्यूज लागतो. दांडगा प्रवाह हाताळण्याच्या कामात अर्धवाहक श्रेष्ठ ठरला तो वारंवारतेत. धक्का सोसण्यात चांदी अजूनही उजवी आहे.

आता चौथं काम. ट्रायॅक बंद असतानाही पूर्ण बंद नसतो. अचानक उसळणाऱ्या दाबाने तो भलत्या वेळी चालू होऊ नये म्हणून त्याला समांतर रेझिस्टर-कपॅसिटरचा स्नबर जोडतात, आणि त्या कपॅसिटरमधून एसी प्रवाह झिरपत राहतो. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर सुमारे सात मिलिअँपिअर जाऊ देतो. मोठ्या हीटरला त्याचा पत्ताही लागत नाही. पण त्या आउटपुटवर छोटा निऑन दिवा असेल तर तो मंद जळत राहतो. छोटा रिले असेल तर तो एकदा ओढला की सुटायला तयार नसतो. दुसऱ्या पीएलसीचा एसी इनपुट असेल तर आउटपुट बंद असतानाही त्याला चालूचा संकेत पोचू शकतो. याच्यावरचा उपाय जुना आणि खात्रीचा आहे: भाराला समांतर एक रेझिस्टर जोडून झिरपणारा प्रवाह तिकडून वाहू द्यायचा. पण यंत्र सांभाळणाऱ्या माणसाला सर्वांत गोंधळात टाकणारी गोष्ट वेगळीच होती. भार काढलेला असताना बंद ट्रायॅक आउटपुटवर डिजिटल मल्टीमीटर लावला तर तो जवळपास पूर्ण २३० व्होल्ट दाखवतो, कारण मीटरच्या दहा मेगाओहम रोधापुढे स्नबरचा अडथळा काहीच नाही. कॉन्टॅक्ट बंद असता तर शून्य दिसलं असतं. मॉड्यूल बिघडलंय असं समजून चांगली मॉड्यूलं बदलली जात, किंवा त्याहून वाईट म्हणजे ‘हे तर भुताचं व्होल्टेज’ म्हणत खऱ्या व्होल्टेजकडेही दुर्लक्ष व्हायचा धोका उभा राहायचा. डोळ्यांनी दिसणारी फट गेली आणि बंद असणं ही मोजून, विचार करून ठरवायची गोष्ट झाली.

शिवाय अर्धवाहक मरतो तो बहुतेक वेळा चालू अवस्थेत. जळालेला थायरिस्टर उघडा पडत नाही, आतून जुळून बसतो. म्हणून भट्टीत किंवा एक्स्ट्रूडरमध्ये एसएसआरच्या आधी एक कॉन्टॅक्टर बसवतात आणि अतितापमानाचा स्वतंत्र थर्मोस्टॅट त्याची कॉइल तोडतो. ‘नेमा’ या अमेरिकी विद्युत-उपकरण उत्पादकांच्या संघटनेने सॉलिड-स्टेट कंट्रोलच्या वापराबद्दल स्वतंत्र सुरक्षा मार्गदर्शिका काढली. ॲलन-ब्रॅडलीच्या पीएलसी मॅन्युअलांच्या पहिल्याच पानांवर ‘एसजीआय-१.१’ या प्रकाशनाचा दाखला देऊन सांगितलेलं असे की सॉलिड-स्टेट उपकरणांचं वागणं तारजोडणीच्या विद्युत-यांत्रिक उपकरणांपेक्षा वेगळं असतं. मॅन्युअलच्या दारातच अशी पाटी लावावी लागणं, ही मला या इतिहासातली मोठी साक्ष वाटते. त्याच मॅन्युअलांत ‘मास्टर कंट्रोल रिले’ची जोडणी दाखवलेली असे: लाल मशरूम बटण दाबलं की पीएलसीला न विचारता एक साधा रिले सगळ्या आउटपुटचा पुरवठा तोडणार. युरोपात १९९२ च्या ईएन ६०२०४-१ मानकाने हे नियमातच घातलं: पुरवठा ताबडतोब तोडणारा आपत्कालीन थांबा तारांनी जोडलेल्या विद्युत-यांत्रिक घटकांचाच असावा, इलेक्ट्रॉनिक तर्कावर अवलंबून नसावा. जर्मनीच्या पिल्झ कंपनीने १९८७ साली पीएनओझेड हा सुरक्षा-रिले आणला होता. त्यात एकाच दांड्याला जखडलेले कॉन्टॅक्ट असतात. एक चिकटला तर त्याचा उलटा जोडीदार मिटू शकत नाही, आणि तेवढ्यावरून बिघाड ओळखता येतो. तर्क पीएलसीकडे, वारंवार जोडतोड ट्रायॅककडे, आणि जीव वाचवण्याचं काम पुन्हा चांदीच्या ठिपक्यांकडे.

यावर दोन आक्षेप येतात, दोन्ही विचार करण्याजोगे. पहिला असा की रिले आउटपुट टिकलंय ते केवळ स्वस्ताईमुळे आणि सवयीमुळे. त्यात तत्त्व शोधू नये. स्वस्ताईचा भाग खरा आहे. पण छोट्या पीएलसीवर रिले आउटपुट निवडण्याचं मुख्य कारण असं की त्याच मॉड्यूलच्या एका टर्मिनलवर २४ व्होल्ट डीसीचा व्हॉल्व्ह, दुसऱ्यावर २३० व्होल्टचा कॉन्टॅक्टर आणि तिसऱ्यावर दुसऱ्या पॅनेलचा कोरडा संकेत जोडता येतो. ट्रायॅक फक्त एसीचा. डीसी भारावर तो एकदा चालू झाला की सुटत नाही, कारण प्रवाह शून्यावर येतच नाही. ट्रान्झिस्टर फक्त डीसीचा आणि ध्रुवता पाळणारा. सेकंदाला शेकडो वेळा पल्स द्यायचे तर रिले कामाचाच नाही, आणि तिथे कुणीही सवयीने रिले घेत नाही. निवड कामागणिक बदलते. सवय असती तर ती सगळीकडे सारखी दिसली असती.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आज लाइट कर्टन आणि सेफ्टी पीएलसी यांची सुरक्षा आउटपुट ट्रान्झिस्टरचीच असतात. अमेरिकेच्या एनएफपीए ७९ मानकाने २००२ मध्ये सुरक्षेसाठी प्रमाणित प्रोग्रॅमेबल प्रणालींना वाट दिली, २००५ च्या आंतरराष्ट्रीय ६०२०४-१ आवृत्तीनेही जुनं बंधन सैल केलं. मग चौथं कामही सिलिकॉनने जिंकलंच ना? मी हे मान्य करतो, पण ते कसं जिंकलं ते पाहिलं पाहिजे. अशी आउटपुट दोन असतात, दोन स्वतंत्र वाहिन्यांवर. प्रत्येक जण ठराविक अंतराने एका मिलिसेकंदाहून कमी वेळ स्वतःला बंद करून पाहतो आणि परत वाचून खात्री करतो की खरंच बंद झालो. भाराला कळायच्या आत चाचणी संपते. एखादा ट्रान्झिस्टर जुळून बसला तर दुसरा लगेच तोडतो. म्हणजे सिलिकॉनने बंद होण्याची हमी दिली ती कॉन्टॅक्टसारखी फट ठेवून नाही, तर स्वतःवर अखंड पाळत ठेवून. हमी हे वेगळं काम झालं आणि त्यासाठी वेगळी वाहिनी, वेगळं मापन, वेगळं प्रमाणपत्र उभारावं लागलं. आक्षेपामुळे माझं म्हणणं मोडत नाही, उलट भक्कम होतं. आणि एक टोक अजून सोडलेलं नाही: दुरुस्तीसाठी मंडल विलग करायचं असेल, म्हणजे माणूस हात घालणार असेल, तर अर्धवाहक उपकरण विलगकारक म्हणून वापरू नये, हा नियम विद्युतस्थापनेच्या आंतरराष्ट्रीय मानकात कायम आहे. तिथे कुलूप लावता येणारा स्विच आणि हवेची फट लागतेच.

महाराष्ट्राशी या इतिहासाचा एक धागा थेट जुळतो. लार्सन अँड टुब्रोच्या अहमदनगरच्या, आताच्या अहिल्यानगरच्या कारखान्यातला स्विचगिअर पिढ्यान्‌पिढ्या इथल्या पॅनेल-वायरमनच्या हातचा. २०२० च्या ऑगस्टमध्ये तो व्यवसाय श्नायडर इलेक्ट्रिककडे गेला, आणि मॉर्लींच्या ०८४ पासून चालत आलेलं मॉडिकॉन हे नावही नव्वदच्या दशकापासून त्याच कंपनीकडे आहे. रिलेला संपवणारं म्हणून ज्याचं नाव घेतात ते यंत्र आणि कॉन्टॅक्टर आज एकाच मालकाच्या यादीत आहेत, आणि दोघांनाही गिऱ्हाईक आहे.

गेल्या काही वर्षांत तर दोघं एकाच डब्यातही आले. हायब्रिड मोटर स्टार्टरमध्ये चालू करताना आधी थायरिस्टर वाहू लागतो, ठिणगी न पडता. काही मिलिसेकंदांनी त्याला समांतर असलेला कॉन्टॅक्ट मिटतो आणि सगळा प्रवाह आपल्याकडे घेतो, त्यामुळे थायरिस्टर तापत नाही आणि मोठं हीट सिंक लागत नाही. बंद करताना क्रम उलटा: आधी कॉन्टॅक्ट सुटतो, प्रवाह थायरिस्टरकडे सरकतो, तो शून्यावर थांबतो. आणि या जोडीच्या पुढे, ओळीत, आणखी एक कॉन्टॅक्ट बसवलेला असतो, जो प्रवाह थांबल्यावरच उघडतो.